ज्याचे रोगी बोलत नसत

बातमी घेऊन आलेल्या स्वाराने आधी घोड्याचा तंग सैल केला. मी ओसरीवर एका रोग्याची नाडी धरून बसलो होतो. स्वार धुळीने माखलेला होता, म्हणजे छावणीतून आलेला; आणि छावणीत माझं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ केशव. तेव्हा हा काय सांगायला आलाय ते मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं बहुधा. पण तो बेटा खोगीर उतरवत बसला. मग मूठभर वाळकं गवत घेऊन त्याने घोड्याची पाठ पुसली. आमच्या दारातल्या डोणीत बोट बुडवून पाणी फार गार तर नाही ना ते पाहिलं, घोड्याला चार घोट पाजले, त्याचं तोंड बाजूला ओढलं, थांबला, पुन्हा चार घोट पाजले… माझा संताप संताप झाला. "अहो, काय असेल ते बोला की," मी ओरडलो. तो हात जोडून पायरीशी आला आणि म्हणाला, "रागावू नका, वैद्यबुवा. केशवपंतांचीच ताकीद होती आम्हाला. आधी जनावर, मग निरोप." आणि मग त्याने निरोप सांगितला. कृष्णेकाठच्या मुक्कामात केशवला सहा दिवस ताप होता. सातव्या दिवशी सकाळी तो गेला. पागेच्या माणसांनीच त्याला नदीवर नेलं. माझ्या हातातल्या रोग्याने आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं आणि तो उठून घरी गेला.

त्याला आता पाच आठवडे झाले. तेराव्याला सदाशिव पेठेतली आमची सगळी मंडळी जेवायला होती, आणि आमच्या पेठेत गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत, फक्त चांगलं बोलून झाल्यावर एक 'पण' लावतात. "केशवपंत बुद्धीने तल्लख, पण वाया गेले." "थोरल्यापेक्षाही हात हलका होता म्हणतात, पण वैद्याच्या घरात जन्मून घोड्यांत गेला." हे 'वाया गेले' मी मुकाट ऐकून घेतलं. कारण ते पेठेत सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलेलं आहे. तीस वर्षं म्हटलं, पाहुण्यांना सांगितलं, त्याच्या तोंडावर सांगितलं. आता ते खोटं होतं हेही मलाच सांगितलं पाहिजे, दुसरं कोण सांगणार… म्हणून हे लिहायला बसलो आहे. ज्यांनी तेराव्याला लाडू खाल्ले त्यांनी हेही वाचावं.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पुण्यातले नावाजलेले वैद्य. सकाळी ओसरीवर बैठक घालून बसायचे आणि दुपारपर्यंत पायरीवर चपलांचे ढीग पडायचे. आम्हा दोघा भावांना त्यांनी उजव्या आणि डाव्या हाताला बसवून शिकवलं. रोग्याकडे आधी पाहायचं, मग स्पर्श करायचा, मग विचारायचं, अशा तीन पायऱ्या. आबांचा सगळा भर तिसऱ्या पायरीवर. काय खाल्लं, झोप लागते का, तोंडाला चव आहे का, असं ते इतक्या गोडीने विचारायचे की माणूस आपण होऊन सगळं ओकून टाकायचा. मला ते चांगलं साधलं. केशव मात्र विचारायच्या आधीच गप्प होऊन रोग्याकडे बघत राहायचा, इतका वेळ की रोगी अवघडून जायचा. "अरे, तू वैद्य होणार आहेस की चित्रकार?" असं आबा त्याला म्हणायचे. त्यांना वाटे वयाने सुधारेल.

तो सतरा वर्षांचा असताना आमचं तट्टू मेलं. लांबच्या रोग्यांकडे आबा त्या तट्टावरून जात. हिंगणं, कोथरूड, पार येरवड्यापर्यंत. गरीब जनावर, बारा वर्षं घरात होतं. एका सकाळी ते खाईना. मान वळवून सारखं स्वतःच्या कुशीकडे बघायचं, पुढचा पाय आपटायचं, पुन्हा कुशीकडे बघायचं. आम्ही म्हटलं माशा त्रास देत असतील. मी पाठीवर फडकं टाकलं आणि आपल्या कामाला लागलो. केशवने दोनदा येऊन आबांना सांगितलं की त्याला काहीतरी होतंय. आबा ओसरीवर होते, समोर दहा माणसं होती. ते म्हणाले, "जनावराची नाडी कोण पाहतं, केशवा? जरा फिरवून आण." संध्याकाळच्या आत तट्टू आडवं झालं आणि गेलं. नदीकाठच्या एका सरदाराच्या पागेतले सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, रहीमचाचा म्हणून म्हातारे होते. त्यांना कोणीतरी बोलावून आणलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केशवला एवढंच म्हणाले, "बेटा, पोटात दुखलं की घोडा पोटाकडे बघतो. तो सकाळपासून तुम्हाला दाखवत होता की."

मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी नवं तट्टू कुठून आणायचं याचा मी विचार करू लागलो. केशव दुसऱ्या दिवशी पागेत गेला. लोक नंतर म्हणायचे की त्याला मुक्या जनावरांची दया फार, म्हणून तो तिकडे वळला. दया होतीच. पण मी त्याचा भाऊ आहे, मला ठाऊक आहे, तो दयेने गेला नाही, तो रागाने गेला. वैद्याच्या घरात, तीन वैद्यांच्या डोळ्यांदेखत एक जीव दिवसभर आपलं दुखणं सांगत होता आणि एकालाही ते वाचता येऊ नये, याची त्याला लाज वाटली होती. त्याला ती भाषा शिकायची होती. पुढे मी पुष्कळ माणसं बघितली, धंद्यात बापामागून आलेली, पोटामागून आलेली. पण अमुक एक गोष्ट आपल्याला यायलाच हवी होती आणि आली नाही, या चडफडीतून धंदा धरणारा मी तो एकच पाहिला.

पेठेत काय झालं असेल ते मी सांगायला नको. ब्राह्मणाचा पोरगा मुसलमान उस्तादाच्या हाताखाली लीद हुंगतो आहे, ही बातमी तुळशीबागेपर्यंत जायला एक दुपार पुरली. "धाकटे वैद्यबुवा हल्ली कोणाची नाडी बघतात? पुढच्या पायाची की मागच्या?" असं आमचे शेजारी जोशीबुवा मला रोज विचारायचे. आबांनी त्याला घराबाहेर काढलं नाही, रागावलेही नाहीत. ते त्याच्याशी बोलायचे थांबले, आणि आमच्या घरात तीच सगळ्यांत मोठी शिक्षा होती. आईने तिच्या पद्धतीने वाट काढली. परसदाराने यायचं, विहिरीवर अंघोळ करायची, मग स्वयंपाकघरात यायचं. तो येई, निथळत पाटावर बसे, आणि आई त्याला वाढता वाढता हळूच विचारी, "आज कोण आजारी होतं रे?" जणू काही पागेत सगळी आमची सोयरी मंडळीच राहत होती. तो एकेका घोड्याचं नाव घेऊन सांगायचा आणि ती मन लावून ऐकायची.

आबा गेले तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, "त्याला परत आण. ओसरीवर त्याची जागा आहे." मी शब्द दिला. तेव्हापासून हे माझं कामच होऊन बसलं. मी त्याला समजावलं, चिडवलं, मामांकडून सांगून पाहिलं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही, तेव्हा तरी हा घरी येईल असं वाटलं. तो पागेला लागून असलेल्या खोलीत राहायला गेला. मी नेट सोडला नाही. मी दिलेला शब्द पाळणारा माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर ओसरीवर त्याच्यासारखी नजर असलेला माणूस मला हवाही होता.

एकदा दसऱ्याच्या आधी मी असाच त्याला आणायला पागेत गेलो. दसरा आला की फौज बाहेर पडणार, त्यामुळे पागेत नुसती धांदल. सरदारांची आवडती एक पांढरी घोडी महिनाभर झिजत चालली होती. दाण्याची चंदी समोर ठेवली तर तोंड घाली, पण अंगी काही लागत नव्हतं. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे हिच्या कपाळावरचा भोवरा अशुभ आहे, हिला मोहिमेवर नेऊच नका. मोतद्दारांनी, म्हणजे घोडे राखणाऱ्या माणसांनी, डाग द्यायला विस्तवात लोखंड तापवून ठेवलं होतं. आणि केशव काय करत होता, तर घोडीपासून चार हातांवर जमिनीवर मांडी घालून बसला होता. सकाळपासून, असं मला सांगण्यात आलं. मी धोतर सावरत कोरड्या जागी उभा राहिलो आणि म्हटलं, "केशवा, हे काय चाललंय?" त्याने हात वर करून मला गप्प केलं. थोरल्या भावाला! घोडी गवत चघळत होती. थोड्या वेळाने तिने मान थोडी वाकडी केली आणि तोंडातून अर्धवट चावलेला गवताचा एक ओला गोळा खाली पडला. केशव उठला, तो गोळा उचलला, बोटांनी मोडून पाहिला, तिच्या तोंडाशी नाक नेऊन श्वास हुंगला. मग त्याने तिची जीभ एका बाजूला ओढून धरली, दुसरा हात कोपरापर्यंत तिच्या तोंडात घातला आणि माझ्याकडे बघून लहानपणी हसायचा तसा हसला. मागची दाढ झिजून तिला सुरीसारखी कड आली होती. प्रत्येक घासाला गाल कापला जात होता. भूक होती, दृष्ट नव्हती, भोवऱ्याचा काही संबंध नव्हता. चौघांनी घोडी धरली आणि त्याने कानशीने ती कड घासून टाकली. सगळं मिळून जेवायला लागतो तेवढाच वेळ.

त्यानंतर तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. मी म्हटलं, "झालं ना? आता चल." तो म्हणाला, "थांबा, दादा. आता तर खरी मजा आहे." घोडी बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिने भीतभीत एक घास घेतला. थांबली. जबडा हलवला. आणि मग खाली मान घालून ती जी खायला लागली ती वर बघेना. केशवकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला सांगता येत नाही. माझे रोगी बरे झाले की माझ्या पाया पडतात, नारळ आणतात, चारचौघांत नाव घेतात, आणि मला ते आवडतं, का आवडू नये. पण घोडी खाताना बघणाऱ्या माझ्या भावाएवढा तृप्त मी कोणत्याही नारळाने झालेलो नाही. मला त्याचा हेवा वाटला. घरी येताना मी वाटेत जोशीबुवांना म्हणालो, "वाया गेला हो तो."

सगळंच काही गोड नव्हतं. त्याच घोडीने पुढल्या वर्षी त्याला लाथ मारली आणि दोन बरगड्या मोडल्या. उपकाराची फेड म्हणून तो ती जागा सगळ्यांना दाखवायचा. मोहिमेवरून परतला की काही दिवस बोलायचा नाही. पाय मोडलेल्या घोड्याचं काय करावं लागतं ते तोच करायचा, दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही, आणि तोवर त्याची मान मांडीवर घेऊन बसायचा. एकदा एका बैलाची पोटफुगी त्याने उशिरा ओळखली आणि बैल गेला. त्या कुणब्याच्या दारात जाऊन त्याने सरळ सांगितलं की चूक माझी. मी म्हटलं, कशाला सांगितलंस, जनावर काही बोलणार नव्हतं. तो म्हणाला, "म्हणूनच." मला तेव्हा ते उर्मट उत्तर वाटलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी वैद्य, मुलगा, मी जिवाचं रान केलं, आणि पहिल्या पंधरा दिवसांत ती बरीच सावरली. डोळ्यांत ओळख आली, डावा हात हलू लागला. मग तिने अन्न टाकलं. मऊ भात तोंडाशी नेला की एक-दोन घास घेई आणि मान फिरवी. नंतर नंतर तोही घेईना. मी निदान केलं अग्निमांद्य. पाचक दिलं, आल्याचा रस दिला, चूर्णं बदलली. ती वाळत चालली. पेठेतल्या बायका येऊन बसायच्या, आणि त्यांच्यातल्या एका वडीलधारीने शेवटी ते म्हटलं: "वैद्यबुवा, त्यांनी अन्नत्याग केलाय. पुण्यवान बाई, जाणती. तुम्ही औषधांनी त्यांची वाट अडवू नका, आता गंगोदक द्या." घरात सगळ्यांना ते पटलं. मला पटलं. इतकंच नव्हे, मला थोडा अभिमानही वाटला की आमची आई अशी जाते आहे… मी पागेत निरोप धाडला की आईने अन्न सोडलं आहे, भेटून जा.

केशव परसदाराने आला, विहिरीवर अंघोळ केली आणि ओलेत्यानेच तिच्या अंथरुणाशी येऊन बसला. मी त्याला सांगू लागलो, किती दिवस झाले, भूक नाही म्हणते, चव नाही म्हणते. तो म्हणाला, "कोण म्हणतं?" आई तर बोलतच नव्हती. मी रोज सकाळी येऊन विचारायचो, भूक आहे का, आणि माझी बायको, नाहीतर बसलेल्यांपैकी कोणीतरी उत्तर द्यायचं, आणि ते मी आईचं उत्तर म्हणून धरत होतो. माझं सगळं निदान त्या उत्तरांवर उभं होतं. तीस वर्षं रोग्याला विचारत आलेला वैद्य मी. उत्तर येतं कुठून हे मी पाहिलंच नाही. "भात आणायला सांगा," केशव म्हणाला, आणि मांडी घालून बसला.

भात आला. तो आईच्या नाकाशी नेताच तिने तोंड उघडलं. "दादा, हिला भूक आहे," तो हळूच म्हणाला. तिने घास घेतला, जबडा हलला, आणि डोळा बारीक झाला. मग तिने मान वाकडी केली. मान वाकडी होताना मी पाहिली आणि मला कळलं, ती मान मी आधी पाहिली होती, पागेत, कोरड्या जागी उभं राहून. केशवने वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी शिव शिव म्हटलं. मग त्याने बोट तिच्या उजव्या गालात घातलं आणि तिथून दोन दिवसांचा आंबलेला भात बाहेर काढला. त्या बाजूला जीभ वळत नव्हती, म्हणून घास तिकडे अडकून राहायचा. आणि आत एक तुटकी दाढ होती, तिच्या धारेने गाल सोलून निघाला होता. आई स्वर्गाला चालली नव्हती. तिला खाता येत नव्हतं, आणि आम्ही सगळे तिच्या उशाशी बसून तिची वाहवा करत होतो.

केशवने मला बोहरी आळीजवळच्या सोनाराकडून बारीक कानस आणायला पाठवलं. "आईच्या तोंडात कानस?" मी म्हटलं. "मग घोड्याची आणू?" तो म्हणाला. मी गेलो. सोनाराने विचारलं, वैद्यबुवा, कोणता दागिना घासायचाय, तर मी पैसे टेकवून कानस घेतली आणि निघालो. ती कानस त्याने उकळत्या पाण्यात धुतली, आईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि घोड्यांशी बोलायचा तसं काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटत ती धार घासून टाकली. जखमेला तूप-मध लावलं. डाव्या बाजूने भरवायचं, मान थोडी डावीकडे कलती ठेवायची आणि प्रत्येक जेवणानंतर उजवा गाल बोटाने साफ करायचा, असं त्याने माझ्या बायकोला समोर बसवून शिकवलं. तिसऱ्या दिवशी आईने वाटीभर भात खाल्ला. खाताना तिने आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. त्यानंतर ती चार वर्षं जगली.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं विहिरीपाशी बसलो होतो. मी त्याला म्हटलं, "केशवा, आता तरी ये. मी तुझ्या डाव्या हाताला बसेन. आबांना मी शब्द दिलाय." तो विहिरीत बघत म्हणाला, "दादा, तुमच्या ओसरीवर माणूस आपल्या पायांनी येतो. नाही तर त्याला कोणी उचलून आणतं, निदान तो कण्हतो, हाक मारतो. माझ्याकडचं कोणी हाक मारत नाही. मी नाही गेलो तर ते तसंच उभं राहणार… आणि दुसरं म्हणजे, मला मजा येते हो." मी म्हटलं, "मजा?" तर म्हणाला, "एखादं जनावर समोर असतं, आणि सकाळी मला काहीच कळत नसतं. दुपारपर्यंत कळतं. ते कळतं ना, तेव्हा दुसरं काही नको वाटतं. रोज मोकळ्या हाताने जायचं आणि रोज नव्याने शिकून यायचं. तुम्ही तरी एवढ्या वर्षांत किती वेळा असे घरी आलात?" तो उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मला ओसरीवर बसवण्यापेक्षा तुम्हीच या की तिकडे एकदा. उभे राहायला नव्हे, बसायला."

त्यानंतर आठ वर्षं तो पुण्यात येत-जात होता आणि मी गेलो नाही. कामं होती, रोगी होते, पेठ होती. जोशीबुवांना मी 'वाया गेला' म्हणायचं सोडलं, पण तो वाया गेला नाही, असंही कधी म्हणालो नाही. आईच्या दाढेची गोष्टसुद्धा बाहेर फुटू दिली नाही. लोकांना वाटलं माझ्या औषधाने गुण आला, आणि मी ते वाटू दिलं. केशवने कधी तो विषय काढला नाही. या दसऱ्याला फौज निघाली तेव्हा लकडी पुलापर्यंत मी त्याला पोहोचवायला गेलो होतो. गर्दीत बोलणं झालं नाही. एका घोड्याची चाल त्याला खटकत होती, त्याचं सगळं लक्ष त्या घोड्याच्या मागच्या पायाकडे होतं. मी आपला त्याच्या पाठीकडे बघून परत आलो. मला त्याला सांगायचं होतं की आबांना दिलेला शब्द मी मोडतोय, आणि खुशीने मोडतोय. ते राहून गेलं. याचं दुःख मला जन्मभर पुरेल, आणि ते कमी व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

परवा सकाळी येरवड्याचा एक शेतकरी नदी उतरून बैल घेऊन दारात आला. केशव गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. पागेत कोणी दाखवलं असेल त्याला आमचं घर. मी ओसरीवरून सांगितलं तेव्हा तो मटकन पायरीवर बसला आणि मुंडासं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "तुमी त्यांचे थोरले भाऊ न्हवं? वैद्य हाय म्हनत्यात तुमी. मग तुमीच बघा की." मी म्हटलं, अहो, मी माणसांचा वैद्य, मला त्यातलं काही कळत नाही. "त्येबी असंच म्हनायचे आल्याबरूबर," तो म्हणाला, "मला आजून काय कळंना, म्हनायचे."

ओसरीवर पाच-सहा रोगी होते. माझ्या तोंडून सवयीने प्रश्न निघाला, किती दिवस झाले, खातो का, आणि शेतकरी उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात मीच त्याला हाताने थांबवलं. मग मी उठलो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, रोगी बसलेले असताना, आबांच्या बैठकीवरून उठून पायऱ्या उतरलो आणि बैलासमोर रस्त्यात मांडी घालून बसलो. समोरून जोशीबुवा सोवळं सांभाळत चालले होते. ते थबकले. "वैद्यबुवा, हे काय? तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "हो. आणि आमचा केशव वाया गेला नव्हता, तेवढं जाता जाता पेठेत सांगा." ते गेले. बैल उभा होता. त्याचे कान, त्याची कूस, जमिनीवर जपून टेकलेले खूर, सगळं मी बघत होतो आणि मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलं. ओसरीवरचे रोगी एकेक करून खाली येऊन उभे राहिले.

"काय झालंय वो त्याला?" शेतकऱ्याने विचारलं.

"तो सांगतोय," मी म्हणालो. "मी शिकतोय. बसा तुम्हीही."